ऱ्हाईनच्या काठावर पॉटरूमची आठवण

पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन असं करत आमची बस ल्युसर्नला पोचली, तेव्हा गटातल्या निम्म्या लोकांचं मन घराकडं लागलं होतं. बायका आमटी-भाताच्या गोष्टी काढायला लागल्या होत्या. पुरुष मोबाईलवर पाऊस कुठवर आलाय ते बघत होते. माझं मात्र उलटं होतं. कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी, झ्युरिक विमानतळाच्या आधी, ‘ऱ्हाईन फॉल्सला भेट’ अशी एक ओळ होती. मी सहलीचे पैसे भरले ते त्या ओळीसाठी.

बेळगावच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात माझी नोकरी झाली, त्यातली उमेदीची वर्षं पॉटरूममध्ये. बेळगावात घरटी एखादा तरी माणूस त्या कारखान्याशी जोडलेला असायचा असा एक काळ होता, त्यामुळं आमच्याकडच्या वाचकांना फार सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. चंदगडच्या बाजूच्या पठारांवरून बॉक्साइट यायचं. त्यापासून अ‍ॅल्युमिना ही पांढरी पूड करायची. ती पूड ‘पॉट’ म्हणजे मोठ्या भट्टीवजा भांड्यात, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजामध्ये टाकायची आणि त्यातून वीज सोडायची. तापमान साडेनऊशे अंशांच्या आसपास. धातू तळाशी जमतो, वर कडक पापुद्रा धरतो. तो पापुद्रा फोडला की खालून लालभडक रस दिसतो आणि तोंडावर झळ येते. विजेचा प्रवाह एवढा मोठा असतो की भोवती जबर चुंबकत्व तयार होतं. हातातली लोखंडी पहार कुणीतरी धरून ओढल्यासारखी एका बाजूला जाते. घड्याळं बिघडायची, म्हणून ती लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या एका सुपरवायझरांनी आम्हा नव्या पोरांना ही सगळी पद्धत कुठून आली ते सांगितलं होतं. अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता 1886 साली ती शोधून काढली. दोघं जन्मले एकाच वर्षी, 1863 साली, आणि गेलेही एकाच वर्षी, 1914 साली. एरूची पद्धत वापरून 1888 साली स्वित्झर्लंडात नॉयहाउझेन इथं कारखाना उभा राहिला. तिथंच का, तर बाजूला ऱ्हाईन नदीचा धबधबा आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला वीज लागते अफाट. आजच्या चांगल्या कारखान्यातसुद्धा किलोमागं तेरा-चौदा युनिट जातात. ते नॉयहाउझेन नाव माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

ल्युसर्नचा लाकडी पूल पाहिला. चौदाव्या शतकातला पूल 1993 साली आगीत बराचसा जळाला आणि वर्षभरात त्यांनी तो पुन्हा उभा केला. टिटलिसला गोल फिरत वर जाणाऱ्या केबल कारमधून गेलो. बर्फात ही लहान पोरीसारखी खेळली. खानापूरच्या पावसात वाढलेल्या बाईला बर्फाचं एवढं अप्रूप असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिचा तो चेहरा बघून पैसे वसूल झाले असं मी तिथंच तिला सांगितलं. संध्याकाळी सगळे घड्याळांच्या दुकानात शिरले. मी बाहेर बाकावर बसून दहा फ्रँकची नोट न्याहाळत होतो. जर्मन, फ्रेंच, इटालियन, रोमान्श अशा चार भाषा त्या एवढ्याशा कागदावर गुण्यागोविंदानं बसल्यात. आपल्याही नोटेवर मराठी आणि कन्नड एकाच रकान्यात आहेत की. बेळगावात पाटीवरच्या अक्षरांसाठी निघालेले मोर्चे मी पाहिलेत, काहींत चाललोही आहे. त्यामुळं ती नोट मी मोडली नाही, घरी आणली.

ऱ्हाईन फॉल्सला आम्ही पोचलो ते दुपारी. आवाज आधी येतो. वळणावरून खाली उतरलं की नदीच्या आख्ख्या रुंदीचं पाणी समोर कोसळताना दिसतं, दीडशे मीटर रुंद. उंची मात्र तेवीस मीटरच. आमचा गोकाकचा धबधबा बावन्न मीटरांवरून उडी घेतो, म्हणजे उंचीला दुपटीहून जास्त. गटातल्या एका पुणेकर काकांना मी हे सांगितलं तर त्यांनी गोकाकचं नावच पहिल्यांदा ऐकलं. मग बॅगेतला गोकाकचा करदंट काढून त्यांच्या हातावर ठेवला. डिंक, गूळ आणि सुकामेवा, इतके दिवस प्रवास करूनही जसाच्या तसा होता. आता ते नाव विसरणार नाहीत.

पण ऱ्हाईनचं पाणी बघत राहावं असं आहे. रंग हिरवट निळा, स्वच्छ. वर बोडेनझे नावाचा मोठा तलाव आहे, नदी त्यातून येते, गाळ तिथंच बसतो. आणि आल्प्सवरचा बर्फ वितळतो तो नेमका उन्हाळ्यात, म्हणून जून-जुलैत पाणी सर्वांत जास्त, सेकंदाला सहाशे घनमीटरच्या घरात. हिवाळ्यात ते अडीचशेवर येतं, पण धबधबा उघडा पडत नाही. आमच्या घटप्रभेचं सगळं पावसावर. ऑगस्टमध्ये गोकाकला जा, तांबडं पाणी घोड्याच्या नालेच्या आकारात कोसळत असतं, पुलावर उभं राहवत नाही. एप्रिलमध्ये जा, नुसता खडक. वर हिडकलला धरण झालंय, पाणी ऊस आणि मका पिकवायला जातं. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्या पाण्यावर किती घरं उभी राहिली ते मला माहीत आहे.

गाइड पुण्याचा चुणचुणीत पोरगा. त्याला विचारलं, “अरे, अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता तो कुठल्या काठाला?” तो म्हणाला, “काका, हे मला आजवर कुणी विचारलं नाही.” पण त्यानं तिथल्या बोटवाल्याकडं जर्मनमध्ये चौकशी केली. बोटवाल्यानं उत्तरेकडच्या काठाकडं हात केला. अ‍ॅल्युमिनियम गाळणं तिथं कधीच थांबलंय. थोडं पाणी बाजूला काढून एक छोटं वीजकेंद्र तेवढं आजही चालतं. सगळे बोटीत बसून मधल्या खडकाकडं गेले. मी त्या काठानं चालत गेलो. ही मागून आली. “हितं येऊन पण कारखानाच की ओ तुमचा,” म्हणाली आणि माझ्याबरोबर उभी राहिली.

तिथं उभं राहून मला आठवले ते वीजकपातीचे उन्हाळे. धरणं तळाला गेली की आमची वीज तुटायची आणि पॉट बंद करावे लागायचे. बंद पडलेला पॉट म्हणजे आतला रस आणि धातू गोठून दगड. तो फोडून काढायला माणसं दिवसच्या दिवस पहारी मारत बसायची. हाताला घट्टे पडायचे, आणि त्याहून जिवाला लागायचं ते हे की ज्या पॉटची आपण लेकरासारखी काळजी घेतली तोच फोडतोय. शेवटी बेळगावात अ‍ॅल्युमिनियम गाळणंच थांबलं. वीज परवडेना. त्या पॉटरूममधले माझे किती सोबती आता नाहीत. त्यांच्यापैकी एकालाही ही जागा बघायला मिळाली नाही, हे मनातून जात नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी वाचून गेलो होतो. 1887 साली तिथल्या लोखंडाच्या कारखान्यानं नदीचं बरंच पाणी, पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, विजेसाठी वळवायची परवानगी मागितली होती. निसर्गाच्या अभ्यासकांनी आणि गिर्यारोहकांच्या संस्थेनं जोरदार विरोध केला. म्हणून आज तो धबधबा आहे. त्याच दशकात गोकाकची गिरणी उभी राहत होती, पाण्याच्याच जोरावर. मी कारखान्याचा माणूस, पाण्यातून वीज काढणं मला चांगलंच वाटतं. तरी त्या दिवशी विरोध करणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटले, आणि मी ते मानले.

झ्युरिकला शेवटची रात्र सामान बांधण्यात गेली. नातवंडांसाठी घेतलेल्या चॉकलेटातलं एक आम्ही दोघांनी फोडलं. त्याची चंदेरी वर्खी मी नखानं सपाट केली. अशी वर्खी लाटायला सुरुवात झाली तीसुद्धा याच देशात, बोडेनझेच्या काठावर, क्रॉइझलिंगेनला, 1910 साली. पुढच्याच वर्षी टोबलर कंपनी तिच्यात चॉकलेट गुंडाळू लागली. हिला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ती वर्खी टाकू नका, माझ्या पाकिटात ठेवते.”

विमानप्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मुंबईत आमची एक बॅग आली नाही. फॉर्म भरला, ती चार दिवसांनी घरपोच झाली. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये जागा मिळाली आणि मी कऱ्हाडपर्यंत गाढ झोपलो. कोल्हापूर सोडल्यावर उजाडलं. कागलच्या पुढं दूधगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा खाली पहिल्या पावसाचं गढूळ, तांबडं पाणी वाहत होतं. सह्याद्रीच्या पठारावरची जांभी माती, आमच्या बॉक्साइटची सख्खी भावंडं. कोगनोळीचा नाका गेला, यमगर्णीला वेदगंगा भरायला लागलेली दिसली, निपाणी गेली. क्लीनर ड्रायव्हरशी कन्नडमध्ये, आमच्याशी मराठीत बोलत होता. काकतीचा डोंगर दिसल्यावर ही उठून बसली आणि केस बांधायला लागली.

घरी मुलानं चहा टाकला. नातवानं चॉकलेट बाजूला ठेवून आधी धबधब्याचे फोटो मागितले. बघून विचारलं, “आजोबा, आपल्या गोकाकपेक्षा मोठा?” म्हटलं, रुंदी मोजायला हवी, आपण जाऊ आणि पावलांनी मोजू. ऑगस्टमध्ये घटप्रभा भरली की जायचं ठरलंय. बेळगावहून साठेक किलोमीटर, सकाळी निघालं की दुपारपर्यंत भरपूर वेळ मिळतो. पॉटरूममधल्या जुन्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यानं जरूर यावं, गाडीत दोन जागा आहेत.