दिवा खोटं बोलता कामा नये : आमची वाटचाल

आमची कंपनी एकच वस्तू बनवते. टेबलावर ठेवता येईल किंवा भिंतीला लावता येईल असा, इंटरनेटला जोडलेला एक छोटा दिवा. न वाचलेला निरोप असेल तर तो उजळतो, निरोप वाचला की मंदावतो. त्याला पडदा नाही, आवाज नाही, बटण एकच आहे. एवढ्याशा वस्तूला इतकी वर्षं का लागली, असं लोक विचारतात. दिवा पेटवायला वेळ लागलाच नाही. विझलेल्या दिव्याचा अर्थ काय, हे ठरवण्यात सगळा वेळ गेला.

कल्पना आमची नाही. शेअर बाजाराच्या चढउताराप्रमाणे रंग बदलणारा अ‍ॅम्बियंट ऑर्ब नावाचा गोळा २००२ मध्येच विकायला आला होता. २००५ मध्ये फ्रान्समधून नाबाझताग हा कान हलवणारा, दिवे लुकलुकवणारा इंटरनेटचा ससा आला. पण आमच्यासारख्या लहान लोकांना या धंद्यात पाऊल टाकता आलं ते २०१४ नंतर. ईएसपी८२६६ ही वाय-फाय असलेली चिप तेव्हा हौशी मंडळींच्या हातात पोचली आणि बोटभर बोर्डावर इंटरनेट मिळू लागलं. आमचा पहिला दिवा त्याच चिपवर, एका मोकळ्या डब्यात उभा राहिला.

टेबलावर चालतं ते घरात चालेलच असं नाही, हे इलेक्ट्रॉनिक्समधल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या बाबतीत दोन गोष्टींनी फार दमवलं. पहिली म्हणजे वीज. चिप वाय-फायवर काही पाठवते तेव्हा क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. त्या क्षणी पुरवठा जरा जरी खाली गेला तरी ती स्वतःला रीसेट करून घेते, आणि घराघरांत पडलेले जुने चार्जर किती तऱ्हेचे असतात ते सांगायला नको. चिपला अगदी चिकटून चांगला कपॅसिटर, म्हणजे क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारा भाग, बसवला तेव्हा हा त्रास थांबला. दुसरी गोष्ट रंगीत एलईडीची. आम्ही वापरतो तो डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एलईडी ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या डेटाशीटप्रमाणे, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे, सिग्नल ‘वर’ आहे हे त्याला कळायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. आमची चिप देते ३.३. गंमत अशी की बहुतेक वेळा ते चालून जातं. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर वस्तू विकता येत नाही. मध्ये सिग्नलची पातळी वाढवणारी एक छोटी चिप घातली आणि तो विषय संपवला.

खरी मेख पुढे होती. सुरुवातीच्या दिव्याला दोनच अवस्था होत्या : पेटलेला म्हणजे निरोप आहे, विझलेला म्हणजे नाही. ऐकायला किती स्वच्छ! पण ज्यांना ऐकू येत नाही अशा काही लोकांनी दिवा घेतला आणि त्यांच्या प्रश्नांनी आम्हाला जागं केलं. त्यांच्यासाठी फोनची घंटी नसतेच. दिवा हाच एक मार्ग. त्यांचा प्रश्न सरळ होता : दिवा विझलेला आहे, म्हणजे निरोप नाही, की वाय-फाय गेलंय, की तुमचा सर्व्हर बंद आहे, की प्लगच निघालाय? चारही वेळा दिवा एकसारखाच दिसतो. मग मला पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहावंच लागतं, तर दिवा कशाला घेतला?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मिळवल्याशिवाय पुढे विकायचं नाही असं ठरवलं. आज मागे पाहताना वाटतं, कंपनी खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली.

पहिला बदल विचारातला होता. ‘निरोप आला’ ही घटना आहे. ‘न वाचलेला निरोप आहे’ ही स्थिती आहे. घटनेवर दिवा पेटवला तर तो विझवायचा कोणी? निरोप फोनवर वाचला तरी दिवा पेटलेलाच राहतो, आणि असं चार वेळा झालं की माणूस त्याच्याकडे बघणं सोडतो. म्हणून आता सर्व्हर दिव्याला घटना कळवतच नाही, फक्त सध्याची स्थिती सांगतो. यासाठी आम्ही एमक्यूटीटी वापरतो, म्हणजे उपकरणांनी सर्व्हरमार्फत छोटे संदेश देण्याघेण्याची एक ठरलेली पद्धत. उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी ही पद्धत तयार केली. शेवटचा संदेश सर्व्हरवर राखून ठेवायची सोय तिच्यात आहे. वीज जाऊन आली तरी दिवा जोडला गेल्याबरोबर त्याला आजची स्थिती मिळते. त्या संदेशात निरोप कोणाचा, काय लिहिलंय, यातलं काहीही नसतं. दिव्याला जे कळायची गरज नाही ते त्याच्यापर्यंत जाऊच नये, हा आमचा आग्रह आहे.

दुसरा बदल : ‘मला माहीत नाही’ ही तिसरी अवस्था. जोडणी तुटली की दिव्याला ते लगेच कळतं असा समज असतो. तसं नसतं. राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी गुपचूप विसरून जातो आणि दोन्ही टोकांना वाटत राहतं की सगळं ठीक आहे. म्हणून आमचा दिवा दर ३० सेकंदांनी सर्व्हरला हाक मारतो. उलट ओ आली नाही की स्वतःहून पिवळा होतो.

पण तेवढ्यानेही भागत नाही. दिवा आणि सर्व्हर यांच्यात सगळं सुरळीत असेल, पण सर्व्हर आणि टपालपेटी, म्हणजे वापरणाऱ्याचे निरोप जिथे येतात ते खातं, यांच्यातलाच धागा तुटला असेल तर? वापरणाऱ्याने पासवर्ड बदलला की सर्व्हरला दिलेली परवानगी संपू शकते. मग सर्व्हरकडे जुनीच बातमी उरते आणि दिवा ती इमानेइतबारे दाखवत राहतो. म्हणून प्रत्येक स्थितीसोबत ती शेवटची कधी पडताळली याची वेळही जाते. दहा मिनिटांपेक्षा शिळी बातमी दिवा मानत नाही, पिवळा होतो. माझ्या मते आमच्या वस्तूतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि जाहिरातीत तो दाखवता येत नाही.

यातून ओघाने आलं की निरोगी दिवा कधीच पूर्ण काळा असता कामा नये. निरोप नसताना तो अगदी मंद पांढरा असतो : मी जागा आहे, काही आलेलं नाही. हा मंद उजेड साधायला भलतेच कष्ट पडले. आपला डोळा अंधारात फार तिखट असतो, आणि उजेडाच्या ८ बिटांच्या, म्हणजे ० ते २५५ अशा, मोजपट्टीवर १ वरून २ वर गेलं की उजेड एकदम दुप्पट होतो. झोपायच्या खोलीत ती पायरी डोळ्यांना टोचते. शेवटी मंद उजेडासाठी वेगळा छोटा एलईडी घेतला, वीज रोखणाऱ्या मोठ्या रेझिस्टरमागे बसवला आणि वर दुधी अ‍ॅक्रिलिक लावलं.

फक्त रंगावर भिस्त ठेवायची नाही, हेही लवकरच ठरलं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही असे लोक, विशेषतः पुरुष, पुष्कळ असतात. म्हणून निरोप असेल तर उजेड श्वासासारखा हळू वरखाली होतो, ‘माहीत नाही’ असेल तर स्थिर राहतो. भराभर लुकलुकणं आम्ही मुद्दाम टाळलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमक काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकते, आणि घरातल्या दिव्याला तशी घाई कधीच नसते.

सुरक्षिततेचं काम दिसत नाही, पण त्यानेच रात्री जागवल्या. सर्व्हर खरा आहे की नाही हे त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासायचं तर आजची तारीख माहीत हवी, कारण प्रमाणपत्राला मुदत असते; आणि या चिपला वीज गेल्यावर वेळ आठवत नाही, तिच्या लेखी पुन्हा १९७० उजाडतं. म्हणून दिवा आधी इंटरनेटवरून वेळ घेतो, मगच जोडणी करतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रं खरी मानली जातात त्याची, मुदत संपली आणि जगभर जुनी उपकरणं अडकली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक दिव्यात एकाऐवजी दोन मूळ प्रमाणपत्रं असतात. आता नव्या दिव्यांत ईएसपी३२ ही पुढची चिप आहे. तिच्यात मेमरी जास्त असल्याने हे सगळं आरामात मावतं. अपडेट आमच्या डिजिटल सहीशिवाय दिवा स्वीकारत नाही, आणि नवं चाललं नाही तर आपणहून जुन्यावर परततो.

बाकी जुळणी, डबे, ऑर्डरी हे कुठल्याही लहान कारखान्यासारखंच. साच्याचा खर्च झेपेल इतका खप अजून नाही, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक लेझरने कापून घेतो.

सध्या हातात जे काम आहे ते नाबाझतागमुळे सुचलं. २०११ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले आणि घरोघरचे धडधाकट ससे मुके झाले. आमची कंपनी लहान आहे. उद्या ती असेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कोणी विश्वासाने घेतलेला दिवा आमच्याबरोबर बंद पडावा हे मला मान्य नाही. पुढच्या अपडेटपासून दिव्याच्या सेटिंगच्या पानावर सर्व्हरचा पत्ता आणि मूळ प्रमाणपत्र वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल, आणि संदेशाची रचना आम्ही माहितीपुस्तिकेतच छापणार आहोत. घरातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर एमक्यूटीटीचा सर्व्हर चालवून चाचण्या सुरू आहेत. जोडणी होते, स्थिती येते. वेळेची पडताळणी तेवढी नीट बसवायची राहिली आहे.