घाटात बंद पडलेली पिकअप : एअर काढली, पण शिरत कुठून होती?

पुण्याजवळ कात्रजच्या जुन्या घाटात, बोगद्याच्या अलीकडच्या चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये पिकअपने तीन-चार गचके खाल्ले आणि ती बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन नेहमीच्याच वेगाने फिरायचं, पण उचलायचं नाही. गाडी जुनी, रोटरी पंपाची डिझेल; इंजेक्टरांना दाबाने डिझेल देणारा हा पंप. ना ईसीयू (इंजिनाचा संगणक), ना सेन्सर, त्यामुळे स्कॅनरचा काही उपयोग नव्हता. हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावले, मागच्या वळणाअलीकडे त्रिकोण ठेवला आणि मग बॉनेट उघडलं.

अशा गाडीत आधी आठवायचं ते ती बंद कशी पडली. चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात गेली असेल तर संशय विजेवर, म्हणजे पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडवर (चावी बंद केली की डिझेल तोडणारी विजेची झडप) आणि त्याच्या वायरवर. गचके खात गेली असेल तर डिझेलवर. माझी गचके खात गेली होती, तरी सोलेनॉइड आधी बघितला, कारण त्याला दोनच मिनिटं लागतात. चावी ऑन केली की पंपावर ‘टक’ आवाज यायला हवा. आला. टर्मिनलवर मल्टीमीटर लावला : चावी ऑनला १२.३ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. ठीक होतं. बॅटरी चांगली असून इथे व्होल्टेज फार कमी मिळालं, तर फ्यूजचे गंजलेले पाय आणि इग्निशन स्विच तपासायचे.

मग धूर. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरात पोचतंय, पेटत नाहीये. तेव्हा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन आणि टायमिंगकडे वळायचं. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. इथे धूर नव्हता. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावं. एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा, असा सल्ला देणारा रस्त्यावर हमखास भेटतो. ज्या इंजिनाला हीटर प्लग आहेत तिथे तो मारूच नये. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन, रिंगा जातात.

गचके आणि धूर नाही, म्हणजे संशय डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेल्या हवेवर. ती बाहेर काढायला डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड आटा ढिला करून प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हातपंप, दाबला. आधी फेस आला, मग बुडबुडे, आणि चाळीसेक दाबांनंतर सलग डिझेल. प्रायमर चालू ठेवूनच स्क्रू आवळला. नंतर दोन इंजेक्टरांच्या पाइपांचे नट १७ नंबरच्या पान्याने अर्धा आटा सोडले, डिझेल गळायला लागेपर्यंत सेल्फ मारला आणि नट परत आवळले. या वेळी बोटं तिथून लांब ठेवायची, कारण उच्च दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. इंजिन उचललं.

बरेच जण इथेच पाने पिशवीत टाकतात. पण एअर काढणं म्हणजे नुसता तात्पुरता इलाज. हवा आत गेली कुठून हे सापडलं नाही तर गाडी पुन्हा बंद पडणार. माझी दुसऱ्याच दिवशी एका उड्डाणपुलाच्या चढाला पडली.

या गाडीला टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा फीड पंप नाही. टाकीपासून डिझेल पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची आहे. त्यामुळे भोक असलं तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली ओल शोधत बसण्यात अर्थ नव्हता. टाकीचं झाकण उघडून बघितलं. ‘फुस्स’ आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचं हवेचं छिद्र तुंबलेलं नव्हतं. मग पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, फिल्टरच्या आत येणारा पाइप काढून त्या जागी नवा होज लावला आणि त्याचं दुसरं टोक कॅनमध्ये सोडलं. रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच सोडायचा, नाहीतर कॅन रिकामा होतो आणि टाकी भरते. एअर काढून इंजिन वीस मिनिटं चालवलं, मध्येमध्ये रेस वाढवली. एकही गचका नाही. म्हणजे पंप आणि फिल्टरच्या पुढची लाइन निर्दोष, बिघाड मागे.

आता पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा. तो लाइनमध्ये बसवला आणि रेस वाढवून आत बघितलं. बुडबुडे दिसले की दोष तुकड्याच्या टाकीकडच्या बाजूला. तुकडा फिल्टरपाशी लावला : बुडबुडे. चासीखाली, लोखंडी पाइप संपतो तिथे लावला : तरीही बुडबुडे. उरला टाकीवरून येणारा हातभर रबरी होज. बाहेरून तो धडधाकट होता, पण क्लिप काढून वाकवला तेव्हा क्लिपखाली गोल चीर दिसली. क्लिप वर्षानुवर्षं आवळत गेल्याने रबर कापलं गेलं होतं.

मग सपाट रस्त्यावर गाडी नीट कशी चालत होती? त्याचं अर्धं उत्तर फिल्टर कापल्यावर मिळालं. कागद काळा, चिकट, निम्मा तुंबलेला. त्यामुळे पंपाला आधीच डिझेल कमी मिळत होतं. चढाला डिझेल जास्त लागतं, नाक वर झाल्याने पंपही टाकीच्या मानाने उंच जातो, त्यामुळे होजमधली ओढ वाढते आणि तीच चीर उघडते. फिल्टर एकटा बदलला असता तर चीर तशीच राहिली असती.

पुण्यातल्या नाना पेठेतून डिझेलचा होज मापाने घेतला. जुन्या होजचा तुकडा सोबत न्यावा, आतला व्यास जुळायला हवा. पाण्याचा किंवा कूलरचा पाइप चालत नाही, डिझेलने तो फुगतो किंवा कडक होतो. पारदर्शक पाइपही फक्त तपासणीपुरताच. क्लिपा पट्टीच्या धारदार नकोत, गोल कडेच्या घ्याव्यात. फिल्टर, बँजो बोल्टांचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर आणि टाकीतली जाळी हे त्याच बैठकीत उरकलं. पारदर्शक तुकडा लाइनमध्ये ठेवून, टाकीत पाव डिझेल असताना गाडी पुन्हा त्याच चढाला नेली आणि वर थांबून रेस वाढवली. तुकड्यात बुडबुडा नव्हता. रात्री ती नाक वर करून उतारावर उभी केली. सकाळी दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन उचललं, तेव्हा तुकडा काढून टाकला.