दिवसाला सातच सिगारेटी

माझं लहानपण निपाणीत गेलं. शाळेच्या वाटेवर तंबाखूच्या वखारी होत्या. त्यांच्यासमोरून जाताना नाकाला रुमाल लावून पळायचं, हा आम्हा मुलींचा रोजचा नेम. संध्याकाळी वखारी सुटल्या की बायका पदराने तोंड पुसत, शिंकत, खोकत घराकडे निघायच्या. तो खकाणा माझ्या नाकात बसला तो कायमचाच.

आता मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला राहते. एका तंबाखूच्या गावातून निघून दुसऱ्या तंबाखूच्या गावात आले, हे इथे आल्यावर कळलं. इथल्या ड्यूक घराण्याने सिगारेटच्या धंद्यात अफाट पैसा केला आणि त्याच पैशावर ड्यूक विद्यापीठ उभं राहिलं. अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीचा इथला कारखाना 1987 साली बंद पडला. आज त्याच लाल विटांच्या इमारतींत ऑफिसं आणि हॉटेलं आहेत, आणि 'लकी स्ट्राइक' हे सिगारेटचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी वर तशीच उभी आहे. देशाकडून पाहुणे आले की तिथे फोटो काढतात. मी त्यांना आवर्जून सांगते की या कारखान्यांत पानाच्या शिरा काढायचं धुळीचं, कमी पगाराचं काम कृष्णवर्णीय बायका-पुरुषांकडे असायचं आणि सिगारेटची यंत्रं गोऱ्या कामगारांकडे. ते सांगताना माझ्या डोळ्यांसमोर निपाणीच्या बायका असतात.

मी एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्याच दुकानात पुढच्या काउंटरवर सिगारेटी मिळतात आणि मागच्या काउंटरवर मी सिगारेट सोडायचे पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या, देते. याबद्दल मी वरिष्ठांकडे दोनदा लेखी तक्रार केली आहे, अजून काही हललेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कृष्णवर्णीय, पार्सलची गाडी चालवणारे. पॅचचा खोका हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यातला कुठला घेऊ?" मी ठरलेला प्रश्न विचारला, दिवसाला किती ओढता? "सात. फार तर आठ." खोक्यावरचा नियम सरळ आहे: दहापेक्षा जास्त ओढत असाल तर 21 मिलिग्रॅम, दहा किंवा त्याहून कमी असतील तर 14. म्हणजे हे 14 मध्ये बसले. वर मी म्हणाले, "मग तुमचं फार नाही, सुटेल."

ते म्हणाले, "चार वेळा सोडलीय मी. फार नाही तर मग सुटत का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री घरी मी वाचत बसले. जे वाचलं ते आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण माझ्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं यांच्यासारखी आहेत.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष सर्वसाधारणपणे गोऱ्यांपेक्षा उशिरा सिगारेट धरतात. शाळकरी वयात तर गोरी मुलंच जास्त ओढतात. मोठेपणीही दिवसाचा आकडा कृष्णवर्णीयांचा कमी, आणि सोडायचा प्रयत्न तेच जास्त करतात. तरी सुटत नाही ती त्यांचीच, आणि पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरायचं प्रमाणही वर्षानुवर्षं त्यांच्यातच अधिक राहिलं आहे. 1998 सालच्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय माणूस एका सिगारेटमधून सरासरी 30 टक्के जास्त निकोटीन आत घेतो. 2006 साली लाखाच्या वर लोकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. दिवसाला वीसपर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांची तुलना केली, तर तेवढ्याच सिगारेटींवर कृष्णवर्णीयांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे सात सिगारेटी या माणसाच्या छातीत सातच्या हिशोबाने उतरतच नव्हत्या.

हे सगळं रक्तातच असतं असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. शरीरातून निकोटीन बाहेर पडायच्या वेगात थोडा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण ज्याला पाकीट पुरवून वापरायचंय आणि कामावर जेमतेम पाच मिनिटांची सुट्टी मिळते, तो प्रत्येक झुरका खोल घेणारच. त्यात मेंथॉल. पुदिन्याच्या या थंडाव्यामुळे घसा खवखवत नाही आणि धूर खोलवर ओढता येतो. आज इथल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक मेंथॉलच ओढतात. 1950 च्या दशकात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. चव अशी आपोआप बदलत नाही. कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या मासिकांत जाहिराती दिल्या, त्यांच्या वस्त्यांत फुकट सिगारेटी वाटल्या, त्यांच्या संगीताचे जलसे पुरस्कृत केले. 1990 साली एका कंपनीने 'अपटाउन' नावाची सिगारेट खास कृष्णवर्णीयांसाठी म्हणून फिलाडेल्फियात आणायचं ठरवलं होतं. तिथली चर्चमधली माणसं आणि डॉक्टर उभे राहिले, तेव्हा कंपनीला ती मागे घ्यावी लागली. फ्लेवरच्या सिगारेटींवर 2009 च्या कायद्याने बंदी आली, त्यातून मेंथॉल तेवढं वगळलं. ते बंद करायचा 2022 चा प्रस्ताव 2025 च्या जानेवारीत सरकारने मागे घेतला. मला त्याचा मनस्वी राग आहे. अशा बंदीमुळे पोलिसांना कृष्णवर्णीयांना अडवायला आणखी एक निमित्त मिळेल, ही भीती मला समजते. पण ती बंदी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर होती, ओढणाऱ्यावर नव्हती.

आणि टेन्शन. आठवड्याने ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा मी वेगळा प्रश्न विचारला. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता? "पाय जमिनीला लागायच्या आत." मग दिवसभरातल्या बाकीच्या कधी, हे विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या. एक गाडी भरून झाल्यावर. एक जेवणानंतर. बाकीच्या नव्या वस्तीत पार्सल टाकायला शिरायच्या आधी किंवा तिथून बाहेर पडल्यावर. "मोठमोठी घरं असतात. मी पार्सल दाराशी ठेवतो तेव्हा पडदा हलतो. मी हात दिसतील असे पुढे धरून मागे सरकतो. अंगावर गणवेश आहे, गाडीवर नाव आहे, तरी." हे सांगताना त्यांनी काउंटरवर दोन्ही तळवे उघडे करून ठेवले. ते तळवे मला अजून दिसतात.

डेव्हिड विल्यम्स या समाजशास्त्रज्ञाने 1997 साली रोजच्या भेदभावाची एक प्रश्नावली मांडली. दुकानात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट वागवतात का, लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का, असे साधे प्रश्न. असा अनुभव ज्यांना वरचेवर येतो त्यांच्यात सिगारेट जास्त आढळते, असं त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. यात एक फसवणूकही आहे. सिगारेटने जी शांतता वाटते ती बरीचशी निकोटीनची तलफ भागल्याची असते. सिगारेट सुटलेल्या माणसांचं टेन्शन काही महिन्यांनी कमीच झालेलं दिसतं. पण पडदा हलला की त्या क्षणी हे पाठ असून काय उपयोग?

त्या दिवशी मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. उठल्या उठल्या सिगारेट लागते हे सांगितलं आणि पॅचच्या जोडीला 4 मिलिग्रॅमचा निकोटीन गम सुरू केला. पॅच दिवसभर अंगावर राहतो, गम ऐन तलफेच्या वेळचा. गम सारखा चघळायचा नाही. हळूहळू चावून, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचा. आपल्याकडे तंबाखूची चिमूट ओठामागे दाबतात ना, तसाच. ते त्यांना दाखवताना मला वखारीतल्या मुकादमाची आठवण झाली.

"आणि कुठल्या घराआधी गम घ्यायचा?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी त्यांच्या कागदावर त्यांचा रोजचा रस्ता काढला. ज्या वस्त्यांत शिरताना छाती आवळते तिथे त्यांनी फुल्या मारल्या. फुलीच्या दहा मिनिटं आधी गम तोंडात, असं ठरलं. फुल्या नऊ झाल्या.

मार्चमध्ये ते पुढच्या पायरीचा, 7 मिलिग्रॅमचा खोका न्यायला आले. कागद खिशात होता, घडीवर फाटत आलेला. त्यावरच्या दोन फुल्या त्यांनी स्वतःच खोडल्या होत्या आणि एक नवी, वेगळ्या पेनने, वाढवली होती.