170 अर्जांत एक झावी

मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात आहे. फुटबॉल माझ्याकडे असतो, कारण आमच्याकडे रात्री जागून फुटबॉल बघणारं दुसरं कोणी नाही. एरवी या जबाबदारीचा त्रास नसतो. भारतीय फुटबॉलची बातमी म्हणजे पानाच्या तळाचा सिंगल कॉलम, तोही ऐनवेळी जाहिरात आली नाही तर.

जुलै 2025 चा शेवटचा शुक्रवार होता. मँचेस्टर कसोटीचा तिसरा दिवस. आदल्याच दिवशी ऋषभ पंत मोडलेल्या पायाने फलंदाजीला उतरला होता, त्यामुळे वाचकांना त्या पायाची तासातासाची खबर हवी होती. तिकडे जॉर्जियात, बाटुमीला, नागपूरची दिव्या देशमुख महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचली होती आणि समोर कोनेरू हम्पी होती. नागपूर आवृत्तीचे लोक सारखे फोन करून विचारत होते, ‘दिव्याला पान एकवर किती जागा?’ आमच्या वृत्तसंपादक बाई दोन्ही कानांना दोन फोन लावून बसल्या होत्या.

एवढ्यात वेबचा एक पोरगा खुर्चीसकट सरकत माझ्या टेबलाशी आला.

“सर, झावीने इंडियाच्या कोचसाठी अप्लाय केलंय!”

बाईंनी एक फोन खाली ठेवला. “कोण झावी?”

“बार्सिलोनाचा, मॅडम. वर्ल्डकप जिंकलेला.”

“मग तो इकडे कशाला येईल?”

त्या दिवशी आमच्या ऑफिसात विचारला गेलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न. बाईंना ऑफसाइड कळत नाही, पण हा प्रश्न त्यांना पडला. दिल्लीत ज्यांना तो पडायला हवा होता त्यांना बहुधा पडला नव्हता.

बातमी एका इंग्रजी दैनिकात आली होती. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या जागेसाठी 170 अर्ज आले, त्यात झावी हर्नांडेझचं नाव आहे, आणि त्याला घेणं परवडणार नाही म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तो विषय पुढे नेला नाही, असा एकूण मजकूर. ही वावडी म्हणून सोडून द्यावी तर राष्ट्रीय संघाचे संचालक सुब्रत पॉल यांनीच यादीत नाव असल्याचं नावानिशी सांगितलेलं. भारताच्या या माजी गोलरक्षकाचं बोलणं हवेत उडवून लावता येत नाही. बातमी तर होतीच. पण कसली?

मी दिल्लीला दोन-तीन फोन लावून पाहिले. कोणी उचलले नाहीत. एकाने उचलून “मीटिंगमध्ये आहे” म्हणून ठेवला. मग बातमीतली पैशाची बाजू मांडून बघितली, कारण मला खरा खटका तिथे बसत होता. आधीचे राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना महासंघाने जून 2024 मध्ये काढलं तेव्हा त्यांचा करार 2026 पर्यंत होता. वाद वाढत जाऊन शेवटी 4 लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले ते गोव्याची एफसी गोवाची नोकरी सांभाळून. देशाचा प्रशिक्षक आणि क्लबचाही, दोन्ही एकदम. त्यांच्या काळात संघाने एकच सामना जिंकला, मालदीवविरुद्धचा. हाँगकाँगकडून हरल्यावर जुलैच्या सुरुवातीला ते गेले, तेव्हा त्यांनी भरपाई मागितली नाही याचाच महासंघाला जास्त आनंद झाला असावा. संघ जागतिक क्रमवारीत 133 वर घसरलेला, नऊ वर्षांतला तळ. त्यात 11 जुलैला देशातल्या अव्वल लीगच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी नवा हंगाम स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवलं, कारण महासंघाबरोबरचा त्यांचा करार डिसेंबरात संपत होता. याच करारातून महासंघाला वर्षाला 50 कोटी रुपये मिळत. लीग लागणार की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, आणि चर्चा कशाची, तर झावीला परवडतो का आपण याची!

तेवढ्यात कोल्हापूरच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. पावसामुळे तिकडचा हंगाम थांबलेला, त्यामुळे बातमी नव्हती पण गप्पांना वेळ होता. तिकडचे फुटबॉल संघ तालमींचे, आणि तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सकाळपासून हाच विषय. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या नावाने जिथे दर विश्वचषकाला चौकाचौकांत फलक लागतात, तिथे झावी म्हटल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको.

“सायेब, पगार कोन देनार ओ त्याला? आमच्यात भाईरचा एक प्लेअर आनायचा म्हटलं तर मंडळाला वर्गणी काढाय लागती.”

“तेच लिहितोय,” मी म्हणालो.

“लिवा. आनि आपल्या जमीलचं काय झालं त्ये बी लिवा की.”

आपल्या जमीलचं. याच जागेसाठी अर्ज केलेले खालिद जमील कोल्हापूरचे नाहीत, तसे जन्माने मुंबईचेही नाहीत. जन्म कुवेतचा. पण खेळले महिंद्रात, एअर इंडियात, मुंबई एफसीत, आणि प्रशिक्षकही इथेच झाले, त्यामुळे महाराष्ट्रात फुटबॉल पाहणारा माणूस त्यांना आपलंच म्हणतो.

वेबची बातमी तोवर सुटली होती. मथळा, ‘झावीला भारताने नाकारलं!’ मी छापील पानासाठी ‘झावीच्या नावाने अर्ज, महासंघाकडे पैसे नाहीत’ असा दिला. बाईंनी माझा ठेवला, पण एका कॉलमात बसेना म्हणून पैशाचा भाग खालच्या ओळीत ढकलला. वेबवरच्या बातमीने तासाभरात पंतच्या पायाला गाठलं. पोरगा दर दहा मिनिटांनी मला आकडा सांगायला यायचा, जणू त्यातला काही वाटा मला मिळणार होता.

जमीलची कॉपी मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतली. कोणी मागितली नव्हती.

उमेदवारीच्या काळात मी मुंबई एफसीचे आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या अव्वल लीगचे, सामने करायला मुंबईत कूपरेज मैदानावर जायचो. दुपारचा सामना, समोरून ऊन, प्रेक्षक मोजता येतील इतके. खेळाडूंच्या नावांची झेरॉक्स हातात यायची, तीत दोन नावं पेनने खोडून वर नवीन लिहिलेली असत. पॅव्हेलियनच्या बाजूला उभे जमील. सामन्यानंतर प्रश्न विचारावा तर उत्तर एका वाक्यात, आणि ते वाक्य बहुधा ‘मुलं चांगली खेळली’ असंच. अशा माणसाकडून बातमी काढायची म्हणजे दगडाला पाझर फोडणं. पण संघ हरायचा नाही सहसा. स्वस्तातल्या, कुठून कुठून गोळा केलेल्या मुलांना घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं मुंबई एफसीला खाली पडू देत नव्हता. खेळ देखणा नसे. लोक नावं ठेवत. मीही एकदोनदा ‘कंटाळवाणा’ लिहिलंय, आणि तो होताच कंटाळवाणा.

2016 मध्ये क्लबने त्यांना बदललं. क्लबला नवीन दिशा हवी असते तेव्हा पहिला बळी प्रशिक्षकाचा जातो, यात नवल नाही. पुढचा हंगाम मात्र मी अजून लोकांना सांगत फिरतो. जमील मिझोरामला गेले, ऐझॉल एफसीत. तो क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलेलं. जमील यांच्या मागोमाग मुंबई एफसीचे काही खेळाडूही तिकडे गेले, जयेश राणे, आशुतोष मेहता. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजोंगशी 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉल आय-लीग विजेते झाले. ईशान्येकडच्या क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, श्रेणीतून बाहेर पडली, पुढे क्लबच राहिला नाही. ज्या कार्यालयात जमील यांना निरोप दिला गेला त्या कार्यालयालाही कुलूप लागलं.

नंतरचं भराभर लिहिलं: नॉर्थईस्ट युनायटेडला हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन प्लेऑफला नेणं, मग इंडियन सुपर लीगमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक होणं, मग जमशेदपूर, 2024-25 मध्ये लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी. महासंघाने 2023-24 चा सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना दिला, आणि 2024-25 चाही त्यांनाच. दुसरा पुरस्कार मे महिन्यात भुवनेश्वरला दिला होता. तीन महिनेही झाले नव्हते. ज्याला आपणच लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम ठरवला त्याचा अर्ज हातात असताना महासंघ 170 अर्ज चाळत होता. अर्ज मागवायला माझी हरकत नाही, पण मग तो पुरस्कार नेमका कशासाठी असतो? आपल्याकडे शाल-श्रीफळ देणारे हात आणि नेमणूकपत्रावर सही करणारे हात एकमेकांना ओळखत नाहीत, हे मी कॉपीत लिहिलं. बाईंनी ते वाक्य काढलं. “हे संपादकीय झालं,” म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. जागाही नव्हती, त्या दिवशी जो रूटने 150 धावा करून पाँटिंगला मागे टाकलं होतं.

शनिवारी मी दुपारी पोचलो तर वेबचा पोरगा गप्प. महासंघाचं निवेदन आलं होतं. झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने ईमेलवरून अर्ज आले होते, त्यांच्या खरेपणाची खात्री करता आली नाही आणि नंतर ते अस्सल नसल्याचं समोर आलं, असा सारांश. ग्वार्दिओलाही! म्हणजे यादी वाचणाऱ्याला मँचेस्टर सिटीचा प्रशिक्षक 133 व्या क्रमांकाच्या संघासाठी अर्ज करतो हे दिसलं होतं, आणि तरी झावीच्या नावावर आदल्या दिवशी चर्चा झाली होती.

ऑफिसात हसून हसून पुरेवाट. कोणीतरी आमच्या कॅन्टीनवाल्याच्या नावाने रेआल माद्रिदसाठी अर्ज लिहिला आणि फोटोकॉपी काढून भिंतीवर लावली. अनुभव, रोज 200 जणांना एकट्याने सांभाळण्याचा. मीही हसलो, पण मला तो खोटा मेल पाठवणाऱ्याचा फार राग आला नाही. उनाड पोरं असं करणारच. उलट टपाली एक फोन फिरवला असता, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. आमच्याकडे जिल्ह्याचा वार्ताहर साखर कारखान्याच्या निवडणुकीचा निकाल पाठवतो, तोही आम्ही परत फोन करून ताडून घेतो.

वेबची कालची बातमी बदलून ‘झावीचा अर्ज खोटा’ केली. तीही पहिलीइतकीच चालली. एकाच न घडलेल्या गोष्टीने आम्हाला दोन दिवस वाचक दिले. जमीलवरचा मजकूर रविवारी आत कुठेतरी गेला. त्यावर कोल्हापुरातून एक फोन आला, तोही आमच्याच वार्ताहराचा.

खरी यादी आधीच तीन नावांवर आली होती: स्टीफन कॉन्स्टंटाइन, जे पूर्वी दोनदा भारताचे प्रशिक्षक होते; स्लोव्हाकियाला युरो स्पर्धेत नेणारे श्टेफान तार्कोविच; आणि खालिद जमील. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने ती दिलेली. 1 ऑगस्टला कार्यकारी समितीने जमील यांच्या नावावर शिक्का मारला. गोव्याचे सावियो मेदेरा 2012 पर्यंत होते, त्यानंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस या खुर्चीत. गुणवत्ता पाहून की तिजोरी पाहून, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही असावं. स्वस्त उमेदवारच योग्य उमेदवार निघाला ही महासंघाची नशिबाची गोष्ट, असं मी त्या रात्री बाईंना म्हणालो. त्यांनी यावेळी तीन कॉलम दिले, फोटोसकट. ओव्हलची कसोटी चालू असताना तीन कॉलम म्हणजे आमच्याकडे फुटबॉलची दिवाळी. वेबवर ती बातमी झावीच्या जवळपासही गेली नाही.

पुढे ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत जमील यांच्या संघाने पहिल्याच सामन्यात यजमानांना 2-1 ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा चार लोकांनी ‘बघा’ म्हटलं. ऑक्टोबरात गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून 1-2 हरून आशिया चषकाचं दार बंद झालं, आणि नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून 0-1. बांगलादेशाने आपल्याला 22 वर्षांनी हरवलं होतं. ती कॉपी मी रात्री साडेअकराला दिली. खालच्या प्रतिक्रियांत लोक परदेशी प्रशिक्षक मागत होते, आणि एकाने तर झावीला परत विचारा म्हणून लिहिलं होतं. गंमत करत होता की मनापासून, ते कळायला मार्ग नव्हता.