तीन भाग, एक प्रोजेक्ट

रविवार, रात्री

माझ्या कादंबरी-मालिकेचे तिन्ही भाग अखेर स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रोजेक्टमध्ये आणून टाकले. भागागणिक वेगळी फाइल ठेवा असं बरेच जण सांगतात, पण मालिका लिहिणाऱ्याला ते परवडत नाही. माणसं तीच, चाळ तीच, भांडणंसुद्धा बहुतेक तीच. पहिल्या भागात एकाचा पाय अधू झाला, तर तिसऱ्या भागात तो जिना कसा चढतो हे बघायला दर वेळी दुसरी फाइल कोण उघडणार? आता बाइंडरमध्ये, म्हणजे बाजूच्या यादीत, मॅन्युस्क्रिप्टखाली तीन फोल्डर आहेत: कोयना, गिरणगाव, टॉवर. पात्रांची टिपणं त्यांच्या बाहेर, तिघांना सामाईक. कंपाइल करताना, म्हणजे सगळं जोडून एक फाइल काढताना, हवा तेवढाच फोल्डर निवडता येतो, त्यामुळे प्रकाशकाकडे पहिला भाग गेला तरी पुढचं काही उघडं पडत नाही.

कादंबरीच्या तयार टेम्प्लेटसोबत पात्राचा एक कोरा तक्ता येतो. कथेतलं काम, व्यवसाय, रूप, सवयी, पूर्वायुष्य, आतला संघर्ष, बाहेरचा संघर्ष. ठीक आहे, पण धोंडीरामला तो पुरत नाही. पाटण तालुक्यातल्या गावी तो धोंडबा, गिरणीच्या हजेरीपटावर धोंडीराम, चाळीत मामा, नातवंडांचा आबा. बायको नाव घेत नाही. समोर असला तर ‘अवो’, नसला तर ‘ह्यांनी’, आणि डोकं फिरलं की ‘पोरांचा बा’. तीन भागांत हे सगळं डोक्यात राहणं शक्य नाही, आणि संवादात एक हाक चुकली तरी वाचकाला खडा लागतो. म्हणून ते दोन्ही संघर्ष तक्त्यातून काढून टाकले. त्यांच्या जागी ‘कोण काय म्हणतं’, ‘अरे-तुरे कुणाशी’, ‘माहेर’ आणि ‘गावी जमीन किती, कुणाच्या नावावर’ असे रकाने घातले. या शेवटच्या रकान्यातून जेवढी भांडणं निघाली तेवढी ‘बाहेरचा संघर्ष’ असा मथळा वाचून कधीच सुचली नसती. मग हा सगळा सांगाडा फाइल मेनूतून टेम्प्लेट म्हणून सेव्ह केला.

मंगळवार

एका मित्राने पंधरा टप्प्यांचं टेम्प्लेट पाठवलं होतं. मूळ हॉलिवूडच्या पटकथांसाठी केलेलं, आता कादंबऱ्यांनाही सर्रास लावतात. आज ते दुसऱ्या भागाला लावून पाहिलं. सुरुवातीचे टप्पे भराभर भरले. कथेला धक्का देणारी घटना? १८ जानेवारी १९८२, संप सुरू. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. याहून मोठा धक्का कुठून आणायचा!

अडलं ते शेवटाकडे. तिथे एक निर्णायक प्रसंग हवा आणि त्यानंतर निकाल. गिरणी संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कुणी गावाकडे गेलं ते तिकडेच राहिलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी मान खाली घालून परत साच्यावर उभं राहिलं, काही गिरण्या तर पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. कुठल्या दिवशी संपलं, असं विचारलं तर प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळेल. ते टेम्प्लेट मात्र एकच उत्तर मागतं. चौकट भरायची म्हणून एखादा मोर्चा, एखादा लाठीमार तिथे बसवता आला असता आणि प्रकरण वेगवानही झालं असतं. पण ते खोटं झालं असतं. चौकट कोरी ठेवली आणि ते टेम्प्लेट काढून टाकलं.

रहस्यकथांची मालिका असती तर माझं मत वेगळं असतं. वायरायटर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन लेखकाने स्वतःच्याच गरजेपोटी लिहिलं. त्यात प्रत्येक प्रसंगाला हेतू, अडथळा आणि परिणाम असे रकाने आहेत. तपासाच्या कथेत ते चोख बसतात. माझ्या चाळीतली माणसं हेतू ठेवून वागतच नाहीत, त्याला काय करणार.

गुरुवार

आजचा दिवस तारखांचा. स्क्रिव्हनरमध्ये प्रत्येक प्रसंगाला स्वतःची माहिती जोडता येते. तिथे ‘कथेतली तारीख’ असा रकाना केला आणि आउटलाइनरमध्ये, म्हणजे प्रसंगांच्या तक्त्यात, तो स्तंभ उघडा ठेवला. तिन्ही भाग एकाखाली एक दिसले, आणि धोंडीरामच्या धाकट्या मुलाचं वय लगेच समोर आलं. तो कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे जन्मलेला, ११ डिसेंबर १९६७. म्हणजे संप सुरू झाला तेव्हा जेमतेम चौदाचा. बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, गिरणीत लागलेला मुलगा तो असू शकत नाही. ते काम थोरल्याकडे गेलं.

याचे धागे थेट तिसऱ्या भागात जातात. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो: तिकीट नंबर, ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद. कामगार हयात नसेल तर वारसांचा अर्ज. आता कागद थोरल्याच्या नावाचे आणि खोलीत राहतो धाकटा. जमिनीच्या रकान्यात गावच्या सातबाऱ्यावर मात्र दोघांचीही नावं आहेत.

थोरला संपाआधी अठरा पूर्ण हवा. म्हणजे भूकंपाच्या वेळी तो चार वर्षांचा होत आलेला. तेवढं पोर बोलतं, घाबरतं आणि लक्षातही ठेवतं. पहिल्या भागात त्याला अजून एकही वाक्य दिलेलं नाही. उद्या तिथूनच सुरुवात, आधी एक स्नॅपशॉट, म्हणजे आत्ताच्या मजकुराची प्रत, घेऊन.