चिठ्ठी आणि पिशवी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं पत्र आलं. स्नेहसंमेलन, सहली, मैदानावरची कबड्डी यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मला फक्त सरांवर लिहायचं आहे, आणि तेही त्यांच्या नागरिकशास्त्राच्या तासांवर. त्यांचं नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे पन्नास वर्षांतल्या कुठल्याही तुकडीला कळतं.

नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पेपराच्या शेपटीला बांधलेला विषय. बाकीचे शिक्षक तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकत. सर मात्र जूनमध्येच सुरू करत, आणि तेही अथेन्सपासून. राज्य कोणी करावं, या प्रश्नात ते फारसे रमत नसत. त्यांचा प्रश्न वेगळा असे: खुर्चीवर माणूस बसला कसा, आणि उठवायचा कसा? ग्रीकांपासून इटलीतल्या मॅकियाव्हेली या राजकीय विचारवंतापर्यंत सगळं त्यांनी या एका प्रश्नाच्या खुंटीला टांगलं.

सुरुवात इ.स.पू. ५०८ मधल्या क्लेइस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या सुधारणांनी होई. जुन्या कुळांचा जोर मोडायला त्याने दहा नव्या टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीत शहर, किनारा आणि आतला मुलूख अशा तिन्ही भागांतला एकेक तुकडा घातला, म्हणजे कोणत्याही बड्या घराण्याची माणसं एका गठ्ठ्यात राहू नयेत. टोळीमागे पन्नास, असे मिळून पाचशे जणांचं मंडळ. प्रत्येक टोळीचे पन्नास जण वर्षाचा दहावा भाग, म्हणजे पस्तीस-छत्तीस दिवस कारभार पाहणार. निवड चिठ्ठीने, मुदत एक वर्ष, आणि उभ्या आयुष्यात दोनपेक्षा जास्त वेळा नाही. ‘यात बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन राहिलेले नाहीत,’ हे सर आधी सांगत आणि मगच पुढे जात. या शहराचं कौतुक करायचं तर आधी ही वजाबाकी करा, असा त्यांचा नियम होता.

चिठ्ठी म्हणजे आंधळा कारभार, असं कोणी म्हटलं की सर खूश होत, कारण मग त्यांना उत्तर द्यायला मिळे. नाव देणं ऐच्छिक होतं. चिठ्ठी निघाल्यावर छाननी होई: आई-वडील कोण, त्यांना नीट वागवतोस का, कर भरलास का, लष्करी मोहिमांवर गेलास का. वर्ष संपलं की हिशेब द्यायचा, तो पटला नाही तर खटला. आणि जिथे कसब लागतं तिथे चिठ्ठी नव्हतीच. दहा सेनापती हात वर करून निवडले जात आणि पुन:पुन्हा निवडून येऊ शकत. अथेन्सचा नावाजलेला पुढारी पेरिक्लिस याच वाटेने इतकी वर्षं टिकला.

सगळ्यांत जास्त वेळ सर घालवत ते न्यायालयाच्या चिठ्ठीयंत्रावर. त्याचा तक्ता त्यांनी स्वतः काढला होता. माणसाएवढी उभी दगडी शिळा, तिच्यावर पाच उभ्या रांगांत खाचा. वर्षाला सहा हजार न्यायपंच, सगळे तिशीच्या पुढचे. प्रत्येकाकडे स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव लिहिलेली पट्टी. पट्टीवर एक अक्षर, कारण प्रत्येक टोळीचे पंच दहा गटांत वाटलेले. टोळीला दोन यंत्रं, म्हणजे दहा अक्षरांना दहा उभ्या रांगा. पट्ट्या खाचांत बसवल्या की बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोळ्या सोडायच्या. पहिली गोळी पांढरी आली तर वरच्या आडव्या ओळीतले पाचही जण पंच, काळी आली तर पाचही जण घरी. दुसरी गोळी दुसऱ्या ओळीची. जितके पंच हवेत त्याच्या एक पंचमांश पांढऱ्या गोळ्या. आडव्या ओळीत प्रत्येक अक्षराचा एक जण असल्यामुळे दहाही गटांना आपोआप सारखा वाटा मिळे, वेगळं गणित करावं लागत नसे.

निवडलेल्याने मग एका भांड्यातून अक्षर काढायचं, त्यावरून कोणतं न्यायालय ते ठरे. त्या न्यायालयाच्या दाराच्या रंगाची काठी हातात मिळे, म्हणजे चुकीच्या दारातून घुसता येऊ नये. एवढा खटाटोप कशासाठी? सरांचं उत्तर एका शब्दाचं: लाच. पंच कोण आणि कुठे बसणार हे आदल्या दिवशी कळलं तर पैसा आदल्या रात्री पोचतो. अथेन्सच्या हातून पायलोसचा किल्ला गेल्यावर सेनापती ॲनिटसवर खटला झाला, तेव्हा पंचांना पैसे चारण्याची पहिली वाट त्याने दाखवली असं ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात म्हटलं आहे. हाच ॲनिटस इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरच्या फिर्यादींपैकी एक. फक्त तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, हे सॉक्रेटिसचं म्हणणं सर इथे जोडत आणि तास तिथेच सोडत.

मत देण्याची रीतही त्यांनी करून दाखवली होती. पंचाला काशाच्या दोन चकत्या मिळत. एकीचा मधला दांडा पोकळ, तो फिर्यादीचा. दुसरीचा भरीव, तो आरोपीचा. दांड्याची दोन टोकं अंगठ्यात आणि बोटात धरली की कोणती चकती कुठल्या भांड्यात पडली ते शेजाऱ्याला दिसत नाही. काशाच्या भांड्यातली मोजायची, लाकडी भांड्यातली टाकून द्यायची. गुप्त मतदानाची इतकी साधी युक्ती मी पुढे कुठे वाचली नाही.

‘अथेन्सची राज्यघटना’मधला हा मजकूर आपल्यापर्यंत पोचला तोही गमतीने. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटना गोळा केल्या होत्या. त्यांतली अथेन्सचीच काय ती जवळजवळ पूर्ण हाती आली, इजिप्तमधल्या एका शेतीच्या हिशेबाच्या पपायरसच्या पाठीवर लिहिलेली. १८९१ मध्ये ती छापली गेली.

प्लेटोवर सर लवकर उरकत. ‘रिपब्लिक’मधलं राज्याच्या उपमेचं जहाज (मालक धडधाकट पण बहिरट, खलाशी सुकाणूसाठी भांडताहेत आणि खरा दर्यावर्दी त्यांच्या दृष्टीने तारे मोजणारा बिनकामाचा माणूस) सगळेच शिकवतात. सर म्हणत, म्हातारपणी त्याने ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) लिहिलं ते बघा. तिथे ५०४० घरांचं नगर आहे. आकडा असा का, तर त्याला एकूण ६० भाजक आहेत आणि एक ते दहापर्यंतच्या सगळ्या आकड्यांनी भाग जातो. जमीन वाटा, सैन्य वाटा, बाकी उरत नाही. मंडळ ३६० जणांचं, चार मिळकतवर्गांतून नव्वद-नव्वद. आधी मतांनी प्रत्येक वर्गातून १८० निवडायचे, मग त्यांतले निम्मे चिठ्ठीने. चिठ्ठीवर चिडलेला तत्त्वज्ञ शेवटी चिठ्ठीशी तडजोड करतो, यात सरांना फार मौज वाटे.

ॲरिस्टॉटलचं त्यांनी शिकवलेलं एक वाक्य वर्गाला पटायला आठवडा लागला. ‘पॉलिटिक्स’च्या चौथ्या भागात तो म्हणतो की अधिकारी चिठ्ठीने नेमणं हे लोकशाहीचं लक्षण समजतात, आणि मतदानाने निवडणं हे अल्पजनसत्तेचं. आपण नेमकं उलटं शिकत आलेलो. कारण सोपं आहे: मत मागायला नाव लागतं, पैसा लागतो, घराणं लागतं. म्हणून त्याने मिश्रण सुचवलं. अल्पजनसत्तेत न्यायालयात न आलेल्या श्रीमंताला दंड होतो, लोकशाहीत येणाऱ्या गरिबाला भत्ता मिळतो. दोन्ही एकत्र ठेवा. अथेन्समध्ये पंचाचा भत्ता आधी दोन ओबोल होता, क्लेऑन या पुढाऱ्याने तीन केला. त्या काळी कसबी कारागिराची दिवसाची मजुरी साधारण सहा ओबोल, म्हणजे हा भत्ता चैनीचा नव्हे, घरी बसलेल्या म्हाताऱ्याला दाराबाहेर काढण्यापुरता.

आता तो प्रसंग, जो आमच्या तुकडीतल्या प्रत्येकाला आठवत असणार. वर्गमंत्री निवडायचा होता. सरांनी व्हेनिसच्या डोजची, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाची, निवड फळ्यावर लिहिली. १२६८ पासून थेट १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत ती चालली. महामंडळातून, म्हणजे तिथल्या मोठ्या सभेतून, चिठ्ठीने तीस, तिसांतून चिठ्ठीने नऊ. नऊ जण निवडणार चाळीस, त्यांतून चिठ्ठीने बारा. बारा निवडणार पंचवीस, त्यांतून चिठ्ठीने नऊ. नऊ निवडणार पंचेचाळीस, त्यांतून चिठ्ठीने अकरा. अकरा निवडणार एकेचाळीस, आणि ते निवडणार डोज, निदान पंचवीस मतांनी. चिठ्ठीच्या गोळ्या काढायला रस्त्यातून सापडेल तो पोरगा धरून आणत. सरांनी आकडे वर्गापुरते लहान केले: आधी नऊ, मग बारा, त्यांतून पाच, मग अकरा, आणि सात मतं. चिठ्ठ्या खडूच्या खोक्यात. काढायला पाचवीतला एक मुलगा बोलावला, तो रडवेला झाला. दोन तास गेले, गणिताच्या बाई दारात उभ्या राहिल्या, त्यांनाही सरांनी बसवून घेतलं. निवडून आला तो हात वर करून आला असता तोच मुलगा! वर्ग हिरमुसला. सर शांतपणे म्हणाले, ‘आता सांगा, या निवडीत पेरूच्या फोडी कोणाला वाटता आल्या असत्या?’ आठवीत निवडणुकीच्या आदल्या दिवशी पेरू वाटायची प्रथा होती, हे त्यांना ठाऊक होतं तर.

फ्लॉरेन्समध्ये मात्र चिठ्ठी कशी सडते ते त्यांनी दाखवलं. तिथलं मुख्य मंडळ नऊ जणांचं, चार पेठांतून दोन-दोन आणि एक ध्वजाधिकारी. मुदत फक्त दोन महिने. आधी छाननी, मत दाण्यांनी: काळा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. दोन तृतीयांश मिळाली की नाव थैलीत. चिठ्ठी निघाली तरी ज्याचा कर थकला असेल किंवा ज्याच्या घरातलं कोणी नुकतंच पदावर असेल, त्याची चिठ्ठी बाजूला. कागदावर निर्दोष. १४३४ मध्ये मेदिची या सावकार घराण्याचा प्रमुख कोझिमो हद्दपारीतून परतला आणि यातला एकही नियम त्याने रद्द केला नाही. त्याने फक्त थैल्या भरणाऱ्या अधिकाऱ्यांची मुदत वाढवत नेली आणि वरच्या पदांच्या थैल्यांत मोजकीच नावं पडू दिली. चिठ्ठी दर दोन महिन्यांनी निघतच राहिली. ‘हात कोणाचा ते बघू नका, पिशवी कोणी भरली ते विचारा,’ हे सरांचं वाक्य आमच्या पिढीला पाठ आहे.

मॅकियाव्हेली त्यांनी ‘कावेबाज’ या शिक्क्याशिवाय शिकवला, याचं मोल मला पुढे कळलं. १४९८ ते १५१२, म्हणजे मेदिची घराणं सत्तेबाहेर असताना, तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा कारकून होता. मेदिची परतल्यावर नोकरी गेली, पुढच्या वर्षी हात मागे बांधून दोरीला टांगलं गेलं, आणि त्याच वर्षी ‘द प्रिन्स’ लिहिलं. पण ‘डिस्कोर्सेस’मध्ये तोच म्हणतो की रोममधली सामान्यजन आणि सिनेट यांची भांडणंच रोमला मोकळं ठेवत होती, आणि जमाव राजापेक्षा शहाणा व स्थिर असतो. १५२० च्या सुमारास मेदिचींनीच सल्ला विचारला, तर त्याने फ्लॉरेन्सचं बंद पडलेलं महामंडळ पुन्हा उघडा, हजार जणांचं, निदान सहाशेंचं, असं लिहून दिलं. मेदिचींनी ते मानलं नाही.

आज मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, आणि खरं सांगायचं तर सरांच्या तक्त्यापलीकडे फारशी गेलेली नाही. महापालिकेच्या प्रभाग-आरक्षणाची सोडत निघते, शाळेतली मुलं चिठ्ठ्या काढताना पेपरात फोटो येतो, तेव्हा माझे विद्यार्थी फोटो बघतात. मी त्यांना आधी प्रभागांची रचना वाचायला लावते. आपल्या शाळेत आता विद्यार्थी प्रतिनिधी मोबाईलवरच्या मतदानाने निवडतात असं ऐकलं. पाच मिनिटांत निकाल लागतो म्हणे. लागो. पण सरांचा तो तक्ता भूगोलाच्या खोलीतल्या कपाटामागे अजून असेल तर कृपया शोधा. खालचा उजवा कोपरा फाटलेला आहे.

आणि समितीला एक सूचना. माजी विद्यार्थी संघाची कार्यकारिणी या महोत्सवानंतर नव्याने निवडायची आहे. ‘लॉज’मधली रीत वापरून बघा: प्रत्येक दशकाच्या तुकड्यांनी मतांनी सहा-सहा नावं द्यावीत, त्यांतली तीन चिठ्ठीने घ्यावीत, मुदत एक वर्ष, दोनपेक्षा जास्त वेळा नाही, आणि हिशेब दिल्याशिवाय पुढच्या यादीत नाव नाही. सहा नावं सुचवण्याच्या सभेला सगळ्यांना बोलवा, नेहमीच्या दहा जणांना नको. खजिनदार मात्र मतदानाने.