भावाचं यूडीआयडी कार्ड काढताना आजार नीट कळला

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली, औषधं चालू आहेत. गेल्या वर्षी त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं, त्याबद्दल लिहितोय कारण कोल्हापुरात आमच्या ओळखीत अशी आणखी घरं आहेत आणि मानसिक आजाराला पण हे कार्ड मिळतं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात मानसिक आजार आहे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि हॉस्पिटल निवडायचं, आम्ही कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल निवडलं. पहिल्यापासूनचे केसपेपर आईनं एका पिशवीत जपून ठेवलेले त्याचा लई उपयोग झाला. बाहेर बसलेलो तेव्हा शेजारचे एक काका म्हणाले, "हातपाय तर धडधाकट आहेत की पोराचं, मग इथं कशाला?" काय सांगणार त्यांना, हा आजार वरून दिसतच नाही.

खरं काम आत डॉक्टरांसमोर. याला एक्सरे नाही की रक्त तपासणी नाही. आयडियाज नावाची मोजपट्टी असते, त्यात चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ मार्क आणि वर आजार किती वर्षांचा आहे त्याचे १ ते ४. २० पैकी ७ किंवा जास्त झाले की दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्यावर धरतात, आणि बहुतेक सवलती तिथूनच लागू होतात.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "अंघोळ स्वतः करतो का?" आई पटकन म्हणाली, "करतो की, सगळं स्वतःचं स्वतः करतो." चारचौघात पोराची बाजू सांभाळायची सवय हो, इतक्या वर्षांची. मॅडमनी शांतपणे परत विचारलं, "आणि तुम्ही सांगितलंच नाही तर?"

मग आई हळूहळू बोलायला लागली. पाणी काढून द्यायचं, टॉवेल हातात द्यायचा, दाराशी उभं राहून "साबण लाव रे बाळा" म्हणायचं, नाहीतर आत नुसता बसून राहतो. एप्रिलच्या उन्हात अंगावर दोन दोन शर्ट. दूध आणायला पाठवला तर कोपऱ्यापर्यंत जातो आणि तशीच नोट मुठीत धरून परत येतो, घामानं ओली झालेली. भाऊ शेजारीच बसलेला, मान खाली. मॅडमनी त्याला विचारलं, दुकानात काय होतं? तो म्हणाला, "काय बोलायचं ते जुळत नाही."

हाच पोरगा आधी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवायचा आणि पेठेची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडायचा. पाहुणे म्हणतात आळशी झालाय, लग्न लावून द्या सुधारेल. मॅडमनी तिथं आम्हाला नीट समजावलं की कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं हे औषधानं बऱ्याच जणांचं कमी होतं, पण उमेद जाणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं ही पण आजाराचीच लक्षणं आहेत आणि त्यांच्यावर गोळ्यांचा तेवढा जोर चालत नाही. हे आळशी म्हणणाऱ्या प्रत्येकाला ऐकवावंसं वाटतं मला. पोराची इच्छाच आजारानं खाल्लीय, त्याला दोष कसला देता!

म्हणून कुणी जाणार असाल तर घरातलं जे रोज बघतं तेच माणूस बरोबर न्या. वाढवून सांगू नका, पण झाकू पण नका.

आमचं प्रमाणपत्र काही वर्षांपुरतं आहे, मुदत संपली की परत तपासणी. तोवर वडिलांना आयकराच्या जुन्या कररचनेत घरातल्या दिव्यांगासाठीची ७५,००० ची वजावट घेता येते. आई आता वहीत लिहून ठेवते, काय त्यानं स्वतःहून केलं आणि काय सांगावं लागलं, महिन्याच्या ओपीडीला पण तीच वही नेतो. आणि नुकतंच कुणाच्या घरात सुरू झालं असेल, कुठं जायचं तेच कळत नसेल तर १४४१६ ला टेलिमानसवर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फोन करा, २४ तास चालू असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. केसपेपर मात्र पहिल्या दिवसापासूनचे ठेवा, एक पण टाकू नका.